ज्वारीत टांगलेली सीडी

लग्नानंतरच्या पहिल्या ज्वारीची गोष्ट लिहायची म्हणून मी वही उघडली आणि पहिल्याच ओळीला अडलो. कौसल्या मचाणावरून पाखरांना जी हाळी द्यायची, ती काही केल्या आठवेना. आधी 'हा' होतं की 'हो' होतं, आवाज शेवटी वर उचलायची की खाली सोडायची, काहीच नाही. जिच्या संगतीनं पन्नास वर्षं काढली तिचा आवाज माणसानं असा विसरावा? तिच्या हातावरचं गोंदण आठवतं. कांदा चिरताना जीभ दाताखाली धरायची ते आठवतं. आवाज तेवढा नाही. तिला जाऊन अजून वर्षही झालं नाही. मी स्वतःला दोन शिव्या घातल्या, वही मिटली आणि घाटंजीला पोरीला फोन लावला.

वर्षा माझी एकुलती एक पोर. घाटंजीला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. ती म्हणाली, "एवढं कायले डोकं खाजवता बाबा? आईच्या कॅशेटची सीडी करून आनली होती न मी. तिच्या पेटीत हाय, बाकीच्या सीड्यांसंग."

मी म्हटलं, "पेटी तं मी रिकामी केली."

"मंग सीड्या कुठी ठेवल्या?"

मी फोन ठेवून दिला. सीड्या कुठे होत्या ते मला चांगलं माहीत होतं. त्या ज्वारीत टांगल्या होत्या.

आता हे सांगायलाच पाहिजे, नाही तर वाचणारा म्हणेल म्हातारा बहकला. आमच्या गावात आता ज्वारी कोणी पेरत नाही. कपाशी, सोयाबीन, तूर, संपलं. मी एकटा घरच्या भाकरीपुरती अर्धा एकर पेरतो, त्यामुळं साऱ्या राळेगाव तालुक्यातली पाखरं माझ्याकडं जेवायला येतात. कौसल्या होती तोवर ती धुऱ्यावर बसून डबा बडवायची. ती गेली, तिचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि एका दुपारी मला घरातल्या प्रत्येक वस्तूचा राग आला. तिची पेटी उघडली. लुगडी, साड्या गल्लीतल्या बायांना वाटून दिल्या. तळाशी सीड्यांचा गठ्ठा होता. ह्याच्या लग्नाची, त्याच्या लग्नाची, शेतीच्या योजनेची, कोणाच्या काय काय. चमकणारी सीडी वाऱ्यानं फिरली की पाखरं बिचकतात हे सगळ्यांना माहीत आहे. मधल्या भोकातून दोरी ओवली तर ती नीट फिरत नाही, म्हणून मी दाभण चुलीत लाल केलं आणि एकेकीच्या काठाला भोक पाडलं. प्लास्टिक जळाल्याचा वास घरात दोन दिवस होता. दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत त्या शेतात लटकत होत्या. पाखरांनी आठ दिवस मान दिला, मग त्याच दोरीवर बसून कणसं खाल्ली.

आता त्या पहिल्या ज्वारीचं सांगतो, नाही तर सीडीत एवढं काय होतं ते कळणार नाही.

मी चौथी पास, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि घरात नवी सून आलेली. आमच्या घरचा रिवाज असा की सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानावर जायचा नाही. माझा बाप अंगणात आला की आधी खाकरायचा, की कौसल्या डोक्यावर पदर ओढून आत. मायशी बोलायची तेही कुजबुजत. मग तिनं भांड्यांची भाषा काढली. लोटा दगडावर एकदा वाजला की आंघोळीचं पाणी तापलं, दोनदा वाजला की ताट वाढलं, आणि आपटल्यासारखा वाजला की माझ्यावर रागावली. बापाला ही भाषा कळायची, मायला कळायची, मलाच उशिरा कळायची. बाया मायला विचारायच्या, "सून मुकी आनली का वं?" माय म्हणायची, "बोलते, पन भाकरीसंग बोलते." खरं होतं ते. चुलीपुढं बसून ती भाकर थापायची तेव्हा तोंडातल्या तोंडात काही तरी गुणगुणत राहायची, आणि परातीवरच्या हाताचा आवाज तिच्या आवाजापेक्षा मोठा यायचा. त्या घरातलं जेवणही तसंच, कमी बोलणारं. सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक, दुपारी भाकर अन् अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. गोडधोड सणाला. पण त्या कण्यांची चव पुन्हा कुठं लागली नाही, आणि वर्षा करते त्या कण्या तर मी तिला वाईट वाटू नये म्हणून खातो.

ज्वारी दाण्यावर आली की पाखरं राखायला मचाणावर माणूस लागायचा. चार बल्ल्या, वर पळसाच्या फांद्या, अंगाखाली पोतं. त्या वर्षी बापाला पाठीचं दुखणं, म्हणून ते काम आमच्या दोघांवर आलं. आणि पहिल्याच सकाळी भोरड्यांचा थवा उतरला. मी गोफण शोधतो आहे तोवर ही मुकी बाई उभी राहिली, पदर खोचला आणि अशी हाळी दिली की थवा तर उठलाच, पलीकडच्या वावरात कोणाचा बैलही थांबला. मी तिच्याकडं पाहतच राहिलो. एवढा आवाज ती घरात ठेवत कुठं होती? पुढं रोज तेच. उन्हं चढेस्तोवर हाळ्या, मधल्या वेळात गाणी, आणि खाली आगटीत भाजलेला हुरडा. त्याच दिवाळीत माझा मावसभाऊ नोकरीच्या गावाहून टेप घेऊन आला. मी तो मागून घेतला, पिशवीत घालून मचाणाच्या बल्लीला टांगला आणि तिला न सांगता आवाज भरायला चालू केला. दुसऱ्या दिवशी तिला कळलं. मग तीच म्हणायला लागली, "लावला का नाई? नाई तं उगाच घसा कोरडा होते."

आणि मग एका सकाळी आमचा बाप शेतात आला. खाकरला नाही. पाठ दुखणारा माणूस एवढ्या दूर येईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कौसल्या ऐन रंगात होती. हाळी देता देता तिनं खाली पाहिलं आणि तिचा आवाज चाकूनं कापल्यासारखा थांबला. पुढचं मी जसं आजवर सांगत आलो तसंच आधी सांगतो. मी टेप बंद केला, मचाणावरून खाली उडी मारली, बापापुढं उभा राहिलो आणि म्हटलं, "दादा, मीच तिले ओरडाले लावलं. पाखरं राखाची तं आवाज लागनच. अन् आता घरी बी बोलन ते." बापानं माझ्याकडं पाहिलं, मग वर तिच्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "मंग थांबली काहून वं पोरी? भोरड्या उतरून राह्यल्या न." त्या दिवसापासून कौसल्या घरात मोठ्यानं बोलू लागली. ही गोष्ट मी गावातल्या किती लग्नांत, किती पंगतींत सांगितली त्याला गणती नाही. नव्या नवरदेवांना तर मुद्दाम सांगायचो, की बायकोच्या बाजूनं उभं राहावं कसं. कौसल्या समोर असायची. ती म्हणायची, "सांगा न, ते मचाणावरचं सांगा." हे प्रकरण मी त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

मावसभाऊ टेप घेऊन गेला, कॅसेट आमच्याकडं राहिली. वाजवायला घरात काही नव्हतं. खूप वर्षांनी टेप आला तेव्हा मी सुरुवातीची चार गाणी ऐकली आणि शेताला गेलो. ती मात्र दुपारी एकटी लावून बसायची. फीत गुंतायला लागली तशी तिनंच वर्षाच्या मागं लागून यवतमाळच्या एका स्टुडिओतून तिची सीडी करून घेतली, आणि त्यानंतर फीत तुटलीच.

तर त्या फोननंतर मी शेतात गेलो आणि दोऱ्या सोडल्या. तीन सीड्या वाऱ्यानं फुटल्या होत्या, त्या योजनेच्या निघाल्या, चित्रावरून कळलं. धड सतरा मिळाल्या. काहींवर कधी काळी काही लिहिलेलं होतं, ते उन्हानं उडालं होतं. पिशवीत घातल्या, एक गाडी मधे बदलली आणि रविवारी दुपारच्या आधी घाटंजीला पोचलो. क्लासला सुट्टी होती.

वर्षानं पिशवी टेबलावर पालथी केली. एक उचलली, काठाच्या भोकातून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे काय हाय बाबा?"

मी सांगितलं.

तिनं सीडी टेबलावर परत ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही आईले वावरात टांगली."

"मले का माहीत, त्याच्यात ते हाय म्हणून?"

"इचाराचं तं होतं. फोन हाय न तुमच्यापाशी? का पाखरंच हाकलाले ठेवला तो बी?" मग तिला काही तरी सुचलं. "राखेनं घासल्या नाईत न?"

"दोनच घासल्या. मंग पाण्यानं धुतल्या."

तिनं कपाळाला हात लावला. आईचीच पोर.

तिच्या क्लासात सहा कॉम्प्युटर, आणि सहाही लिनक्सवर चालतात. लोकांकडं असते ती खिडक्यावाली गोष्ट नाही. ही फुकट मिळते, जुन्या डब्यावर चालते आणि रोग धरत नाही असं ती सांगते. फुकट मिळते तिचे नखरे जास्त, हे मी तिथं बसून शिकलो. सीडी घालायचा खण एकाच कॉम्प्युटरला होता, सगळ्यात जुन्या. नव्यांना खणच नसतो. वर्षा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाईप करत बसली. मी म्हटलं, घातली सीडी तर वाजत का नाही? ती म्हणाली, "आधी जोडा लागते. माउंट म्हणतात त्याले. सीडीतला माल कोनत्या फोल्डरात दिसाचा ते सांगा लागते, तवा दिसते." बैल गोठ्यात असून भागत नाही, गाडीला जुंपावा लागतो, तसं ते. एवढं मला पटलं.

पहिली सीडी जुंपली. फोल्डरात नावांची रांग लागली. ठिबक सिंचनाची फिल्म. ती पुरती पाहू का म्हणून वर्षानं मला विचारलं तर मी नको म्हटलं. मग दुसरी घालायची म्हणून मी खणाचं बटण दाबलं. उघडेना. पुन्हा दाबलं. उघडेना. अंगठा दुखेस्तोवर दाबलं. खिशातून चाकू काढला तशी वर्षा ओरडली, "बाबा! ते बैल सोडल्याशिवाय निंघन का गाडीतून?"

"मंग सोड न!"

तिनं सोडायचं टाईप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, सोडत नाही, कामात आहे. ती पुन्हा म्हणाली, सोड. तो म्हणाला, कामात आहे. मी म्हटलं, "कायच्या कामात हाय हा? दोघं जन त्याच्याच तोंडाकडे पाहून राह्यलो." वर्षानं पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि मग स्वतःशीच हसली. "मीच त्या फोल्डरात उभी हाय. कोणी आत असलं की हा दार उघडत नाई."

"मंग बाहेर निंग न माय! दारात उभी राहून बापाले शिव्या खाऊ घालते."

ती बाहेर निघाली, म्हणजे दोन अक्षरं टाईप केली, आणि खण आपोआप जीभ काढल्यासारखा बाहेर आला. असं चौदा वेळा. जुंपा, पाहा, बाहेर निघा, सोडा, काढा. दूरच्या साळ्याचं लग्न, त्याच साळ्याच्या पोराचं लग्न, परीक्षेचे कागद, कोणाच्या तरी बारशात दीड तास नुसतं जेवण वाढताना. पाहणाऱ्याला वाटेल, आम्हाला जन्मभर जेवणाशिवाय काही दिसलंच नाही. तीन सीड्या अशा निघाल्या की त्या जुंपल्याच जाईनात. वर्षा म्हणाली, कॉम्प्युटर सांगतो ह्यांच्यात काही फोल्डर-बिल्डर नाही. त्या तिनं बाजूला ठेवल्या.

"ह्या कोऱ्या हायेत. आईची ह्याच्यात नाई. जे फुटल्या त्यात असन, नाई तं वाऱ्यानं गेली."

"फुटल्या त्या योजनेच्या होत्या."

"मंग वाऱ्यानं गेली, बाबा. मी काय करू?" आणि ती रडायला लागली. रडत रडतच आत गेली, कण्या शिजवल्या, माझ्यापुढं ताट आदळलं.  तिच्या आईच्या वेळी तिनं एवढं रडून घेतलं नव्हतं, माझ्यासमोर तरी नाही, आणि ते रडणं माझ्या दाभणापायी यावं याचा मला संताप आला. संताप आला की मी हातात काही तरी घेऊन बसतो. त्या तीन सीड्या घेऊन दारात उजेडाला बसलो आणि उलट्यापालट्या करू लागलो.

दोन सीड्या खालून एकरंगी होत्या, आरशासारख्या. तिसरी तशी नव्हती. मधल्या भोकापासून जवळजवळ काठापर्यंत तिचा रंग जरा गडद होता, आणि मग काठाला बोटभरही नाही एवढा फिका पट्टा. मला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही, पण वाहितीची जमीन आणि पडीत जमीन मी दोन कोसावरून ओळखतो.

मी हाक मारली. "वर्षे, हे कोरी नाई. ह्याच्यात नांगर फिरला हाय."

"बाबा, कॉम्प्युटर म्हणते..."

"कॉम्प्युटरनं कधी नांगर धरला? इकडं ये, पाह्य."

तिनं तिन्ही तिरप्या धरून पाहिल्या. एकदा पाहिल्या, दोनदा पाहिल्या. मग कॉम्प्युटरपुढं बसली आणि त्याच्याच पोटात ठेवलेलं माहितीचं पुस्तक काढून वाचायला लागली. मी कण्या संपवल्या. पुष्कळ वेळानं ती खुर्चीवर मागं टेकली आणि म्हणाली, "मी येडी हाय."

"ते मले माहीत हाय. पुढं सांग."

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. मालाची सीडी म्हणजे कोठार. दार असतं, आत पोती असतात, पोत्यांवर नावं असतात, म्हणून ते जोडून उघडता येतं. गाण्याची सीडी म्हणजे कोठार नाहीच. तिच्यात पोतं नाही, नाव नाही. मधून काठापर्यंत गोल गोल गेलेलं नांगराचं एकच लांब तास आहे, आणि त्यातून चालत गेलं की ऐकू येतं. तिला जुंपायचंच नसतं. सकाळपासून आम्ही वावराला कुलूप शोधत होतो, आणि कुलूप सापडेना म्हणून वावरच नाही म्हणालो. आणि ही पोर दर महिन्याला वीस पोरींना कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट देते.

तिनं सीडी सरळ वाजवायला लावली. खरखर झाली, मग एक हाळी अर्धी आली आणि तुटली, पुन्हा तीच अर्धी, पुन्हा तीच. कोंबड्यानं दाणा टोचावा तशी. मी उठून उभा राहिलो. वर्षानं पटकन बंद केली. "असं नाई वाजवाचं. आधी वाचून घेऊ." तिनं दुसरा एक प्रोग्राम लावला. तो तासातून घाईनं पळत नाही, एकेका जागेवरून पुन्हा पुन्हा जातो, दोनदा तेच ऐकू आलं तरच खरं मानतो, नाही तर मागं फिरतो. त्याचं नावच संशयाच्या रोगावरून ठेवलं आहे म्हणे. तो काम करतो तेव्हा पडद्यावर टिंब, रेघ आणि कंस मिळून एक बारकं थोबाड दिसतं. नीट चाललं की हसतं, अडलं की तोंड वाकडं करतं. इकडं माणसाचा जीव जातो आहे आणि ते थोबाड हसतं आहे. मी म्हटलं, "हे झाकता येते का?" वर्षा म्हणाली, "तुम्ही दुसरीकडे पाहा न."

स्टुडिओवाल्यानं सव्वा तासाचे अकरा तुकडे केले होते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून पहिले तुकडे मधले, आणि मधल्या भागाला फारसं काही झालं नव्हतं. ती कडुलिंबाच्या बाजूच्या बल्लीला असावी, सावलीत, म्हणून वाचली असं वर्षा म्हणाली. पाच तुकडे थोबाडानं हसत हसत काढले. आठवा काढायला त्याला तास लागला. अकराव्यावर ते हसायचं विसरलं ते विसरलंच. बाहेर बाजारात दिवे लागले. वर्षा म्हणाली, "झाले तेवढे ऐकू का?"

पहिल्या तुकड्यात ती हाळी होती. ती कशी आहे ते मी आता कागदावर उतरवायचं सोडून दिलं आहे, ते 'हा' पण नाही आणि 'हो' पण नाही. सतरा वर्षांच्या पोरीचा आवाज. मी पन्नास वर्षं संसार केला त्या बाईचा आवाज तो नव्हताच एका अर्थी, तो कधीचाच जाड झाला होता, आणि तरी पहिल्या श्वासाला मी ओळखला. वर्षानं आईला अशी कधी ऐकली नव्हती. ती तोंडावर ओढणी धरून बसली. मधे मधे भोरड्यांचा कालवा होता, आगटीचं तडतडणं होतं, एकदा कौसल्या म्हणते, "तुमी खाता किती हो, पाखरं बरे," आणि कोणी तरी पोरगा हसतो. तो मी.

अकरावा तुकडा शेवटी निघाला, पण पुरा नाही. वर्षा म्हणाली, तुमचं भोक जिथं आहे तिथून पुढं काही येत नाही. हरकत नाही, मी म्हटलं, लाव. आधी हाळी. मग ती मधेच कापली जाते. मी वर्षाला म्हटलं, "आता दादा आले खाली. आता मी टेप बंद करतो."

टेप बंद झाला नाही. पिशवीत चालूच राहिला होता. फांद्या करकरल्या, कोणी तरी धपकन उतरलं, आणि एका पोराचा बारीक, घाबरलेला आवाज आला. "मी नाई म्हटलं तिले, दादा. मी तं म्हणून राह्यलो होतो, गप्प बस, गप्प बस. ते ऐकतच नाई."

मग थोडा वेळ फक्त पाखरं.

मग कौसल्येचा आवाज, हाळीचा नाही, घरातलाही नाही, मधला. "हो मामाजी. ह्यायनं मना केलं होतं. पाखरं लई उतरले म्हणून मलेच राह्यवलं नाई."

आणि मग किर्र झालं आणि तुकडा संपला.

वर्षानं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं ती गोष्ट लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकलेली, स्वतःच्या लग्नातही ऐकलेली. ती पडद्याकडं पाहत म्हणाली, "बाबा, हा शेवटचा असा बी अर्धाच हाय. काढून टाकू का? दहा ठेवतो, दहाच लई होतात." अगदी सहज म्हणाली. पेटीत ती कॅसेट ठेवून पंगतीत मला 'सांगा न' म्हणणारी तिची आई अशीच होती. तिनं दुपारी एकटीनं बसून हे किती वेळा ऐकलं असेल? आणि संध्याकाळी माझ्यापुढं ताट ठेवून एकदाही लोटा आपटला नाही.

मी म्हटलं, "हात नोको लावू त्याले."

"बरं."

"अन् मले एक वेगळी सीडी करून दे. गाण्याची बी, अन् कोठाराची बी. दोन्ही."

"मंग भोक पाडान तुम्ही तिले बी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो, आणि मग ती माझ्या खांद्याला लागून बसली, आणि पुष्कळ वेळ आम्ही कोणी उठलो नाही.

घरी येऊन मी वहीतलं ते अडलेलं पहिलं पान फाडलं. आमच्या बापानं शेवटी खरंच 'थांबली काहून वं पोरी' म्हटलं का, ते मला आता सांगता येत नाही. म्हटलंही असेल, कारण त्या संध्याकाळपासून कौसल्या घरात मोठ्यानं बोलू लागली, एवढं साऱ्या गल्लीनं ऐकलं आहे. पण मीच माझं तोंड वाचवायला ते वाक्य त्याच्या तोंडी घातलं असेल, तर तेही मला नवल वाटणार नाही. ते सांगू शकणारे तिघं होतो, त्यातले दोघं गेले आणि तिसऱ्यावर माझाच भरवसा उरला नाही. वर्षानं तो तुकडा आणखी चारदा वाचायला लावला. थोबाड वाकडंच राहिलं.

परवा पुतण्याच्या पोराच्या लग्नात पंगत बसली, आणि कोणी तरी ओरडलं, काका, मचाणावरचं सांगा. मी सांगितलं. मी काय बोललो ते सांगितलं, आणि ती काय बोलली ते सांगितलं.  नवरदेवानं विचारलं, "मंग पणजोबा काय म्हणाले?"

मी म्हटलं, "तिथं भोक हाय. जेव आता."